दुबईची कंपनी आणि घरच्या बाईची सही

२०२५ च्या जुलै महिन्यात एक बातमी आपल्याकडच्या अनेक वर्तमानपत्रांत झळकली. १ लाख दिरहम, म्हणजे साधारण २३ लाख रुपये भरले की भारतीयांना संयुक्त अरब अमिरातीचा 'गोल्डन व्हिसा' जन्मभरासाठी मिळणार! तिथे घर घ्यायला नको, मोठा धंदा दाखवायला नको. पैसे भरा आणि दुबईकर व्हा. थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारी खात्याने खुलासा केला, की अशी कोणतीही योजना नाही, आणि हे अर्ज फक्त सरकारी मार्गानेच घेतले जातात. ज्या सल्लागार कंपनीच्या नावाने बातमी फिरली, तिने माफीही मागितली. पण खुलासा कधीच बातमीच्या वेगाने पळत नाही. बातमी पारावर पोचते, खुलासा आतल्या पानावर राहतो.

ही बातमी खोटी निघाली म्हणून विषय संपला असं नाही. सातारा-सांगलीकडे हल्ली 'दुबईत कंपनी काढू' हे वाक्य लग्नकार्यात, साखरपुड्यात, सोसायटीच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. त्यात वावगं काहीच नाही. तासगाव-मिरजेची द्राक्षं, सांगलीचा बेदाणा आणि हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हे सगळं पिकवणारी आपली माणसं. बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १ मे २०२२ पासून भारत आणि अमिरातीमधला व्यापार करारही लागू झाला. 'माल आपला, मग मलिदा दलालाने का खायचा? आपलीच कंपनी तिकडे असली तर?' असं एखाद्या तरुण शेतकऱ्याला वाटलं, तर त्याचं चुकलं कुठे?

चुकतं ते पुढे. कंपनी कशी निघते, किती पैसे लागतात, कुणाची सही कशावर लागते, हे माहीत नसताना 'आपला माणूस आहे ना तिकडे' म्हणून पैसे सुटतात. आणि मैत्रिणींनो, हा विषय पुरुषांच्या पानावर न लिहिता आपल्या पुरवणीत लिहिण्याचं कारण एवढंच, की या सगळ्या व्यवहारात घरच्या बाईची सही लागते. दागिने तिचे, पॅन कार्ड तिचं, कधी भागीदार म्हणून नावही तिचं. फक्त विचारलं जात नाही तेवढं तिला!

विश्वास हे आपलं भांडवल

खानापूर, आटपाडी, कडेगाव, इकडे माण-खटाव हा सगळा दुष्काळी पट्टा. इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली. दिल्लीत, केरळात, तामिळनाडूत, कुठल्याही सराफ बाजारात जा, विट्याकडचा गलाईवाला भेटतोच. हा धंदा उभा राहिला तो नात्यावर. आधी चुलता गेला, त्याने पुतण्याला नेलं, पुतण्याने मेव्हण्याला. लाखाचं सोनं एका चिठ्ठीवर या हातातून त्या हातात गेलं. करारनामा नाही की वकील नाही.

हे चाललं, कारण शब्द मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवावं लागत होतं. त्याचं घर माहीत, सोयरीक माहीत, शेत माहीत. भावकीची भीती हाच तिथला कायदा होता.

परदेशातल्या कंपनीच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट नसते. मधला माणूस पाहुण्यांचा पाहुणा असतो. त्याच्यापुढचा एजंट कुणी बघितलेला नसतो. एजंटच्या पुढचा 'अरबी पार्टनर' तर फक्त फोटोत असतो. पण आपण मात्र सगळा व्यवहार गलाईच्या चिठ्ठीसारखाच करतो. ठकवणाऱ्याला हे बरोबर कळतं. तो अनोळखी माणूस म्हणून दारात येत नाही, कुणाच्या तरी ओळखीने चहाला येतो.

कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवा. तेव्हाच्या इस्लामपूर, म्हणजे आताच्या ईश्वरपूर इथल्या 'महारयत अॅग्रो' कंपनीविरुद्ध २०१९ मध्ये तक्रारींचा पाऊस पडला. पिल्लं आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेऊ, असा करार होता. सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. खरेदी थांबली आणि शेडमध्ये नुसत्या कोंबड्या उरल्या. पोलिसांत गुन्हे दाखल झाले. ही तर हाकेच्या अंतरावरची कंपनी होती, ऑफिसला जाऊन दार वाजवता येत होतं. तरी लोक फसले. मग समुद्रापलीकडच्या ऑफिसचं दार कोण वाजवणार?

कागद खरा असतो, धंदा खोटा असतो

आपली समजूत अशी, की सर्टिफिकेट आलं म्हणजे कंपनी खरी. शिक्का, इंग्रजी किंवा अरबी मजकूर, वर सोनेरी बॉर्डर! आता ब्रिटनचं उदाहरण बघा. आपली द्राक्षं जिथे जातात तोच हा देश. तिथे ३० एप्रिल २०२४ पर्यंत ऑनलाइन कंपनी नोंदवायला फक्त १२ पौंड लागत होते. मार्च २०२४ पर्यंत नोंदणी कार्यालयाला दिलेली माहिती खरी की खोटी हे फारसं तपासण्याचे अधिकारही नव्हते. कुणीही उठावं, कुठलाही पत्ता द्यावा आणि 'लंडनची कंपनी' काढावी. पुढे कायदा बदलला, फी वाढली आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकांना ओळख पटवून देणं बंधनकारक झालं. पण त्याआधी निघालेल्या कंपन्यांची सर्टिफिकेटं आजही फिरताहेत. तेव्हा 'आमची यूकेत रजिस्टर कंपनी आहे' असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ त्याने कधीतरी १२ पौंड भरले, एवढाच असू शकतो.

दुसरं उदाहरण दुबईचं, आणि माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा. सिडनी लेमॉस याची 'एक्झेन्शियल' नावाची कंपनी दुबईत होती. २५ हजार डॉलर गुंतवा, परकीय चलनाच्या व्यवहारातून वर्षाला १२० टक्के परतावा मिळेल, असं सांगितलं जायचं. ऑफिस होतं, पाटी होती, थाटमाट होता. गोव्याच्या फुटबॉल संघाच्या प्रायोजकांत त्याच्या कंपनीचं नाव झळकलं होतं. हजारो लोकांनी पैसे घातले, त्यात कष्टाने चार पैसे साठवणारे भारतीय नोकरदारही होते. २०१६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी ऑफिसला टाळं लावलं. २०१८ मध्ये दुबईच्या न्यायालयाने लेमॉस आणि त्याच्या एका सहकाऱ्याला प्रत्येकी ५०० वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा सुनावली. शिक्षा झाली खरी. पण शिक्षेच्या वर्षांनी कुणाची गेलेली पुंजी परत भरून येत नाही.

यातून घ्यायचा बोध असा, की परदेशी सरकारचा परवाना म्हणजे 'हा माणूस सचोटीचा आहे' असा दाखला नव्हे. आपल्या ग्रामपंचायतीने दुकानाला दिलेल्या दाखल्यासारखाच तो असतो. दुकान आहे एवढं तो सांगतो, वजनकाटा बरोबर आहे का हे सांगत नाही.

दुबईचं गणित कुठे चुकवतात

दुबईत कंपनी काढणं सोपं आहे हे खरं. जबेल अलीचा पहिला फ्री झोन १९८५ मध्ये सुरू झाला, आज अमिरातीत असे कितीतरी आहेत. सोपं आहे म्हणूनच मधले लोक जास्त. ते कुठे कुठे हात मारतात ते बघू.

पहिली गोष्ट, 'लोकल पार्टनर'. पूर्वी फ्री झोनच्या बाहेर धंदा करायचा तर ५१ टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावावर ठेवावा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत ही अट गेली. परदेशी माणूस पूर्ण १०० टक्के मालक होऊ शकतो. तरीही जुनंच सांगून 'अरबाला वर्षाला एवढे द्यावे लागतात' म्हणून पैसे उकळणारे आहेत. आपल्या व्यवसायाला खरोखर अशी अट आहे का, हे तिथल्या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्यावं.

दुसरी गोष्ट, अर्धवट कागद. नावाचं आरक्षण वेगळं, प्राथमिक मंजुरी वेगळी आणि परवाना वेगळा. पहिले दोन कागद पाठवून 'झालं काम' म्हणून पूर्ण पॅकेजचे पैसे मागितले जातात. परवाना झाला असेल तर त्याला क्रमांक असतो. ज्या खात्याने किंवा फ्री झोनने तो दिला, त्याच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, ती पाच मिनिटांत बघून देईल. मात्र संकेतस्थळाचा पत्ता एजंटने पाठवलेल्या लिंकवरून उघडू नका, स्वतः शोधा.

तिसरी गोष्ट, परवाना कशाचा? फ्री झोनमधल्या कंपनीला दुबईच्या बाजारात दुकानदाराला थेट माल विकता येईलच असं नाही, त्याला वेगळी परवानगी किंवा तिथला वितरक लागतो. खाण्याचा माल असेल तर त्याची नगरपालिकेकडे नोंदणी वेगळी. एजंट स्वस्तातला कुठला तरी परवाना काढून देतो, आणि बेदाण्याचा कंटेनर बंदरात आल्यावर कळतं, की आपला परवाना 'सल्ला सेवे'चा आहे!

चौथी गोष्ट, बँक खातं. कंपनी निघाली म्हणजे खातं निघालंच असं नाही. तिथल्या बँका पैसा कुठून आला, धंदा काय, ग्राहक कोण, हे बारकाईने विचारतात आणि नाकारूही शकतात. 'खात्याची गॅरंटी' देणारा एजंट बँकेचा मालक नसतो, हे लक्षात ठेवावं. खातं होईपर्यंत 'माझ्या खात्यात टाका' म्हणाला, की तिथेच थांबावं.

पाचवी गोष्ट, दरवर्षीचा खर्च. परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, जागेचं भाडं असतं, व्हिसाचा खर्च असतो. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आणि जून २०२३ पासून ठरावीक नफ्यावर ९ टक्के कंपनी कर आहे. नफा नसला तरी कर खात्यात नोंदणी करावी लागते. मुदतीत न केल्यास १० हजार दिरहम, म्हणजे २ लाख रुपयांच्या वर दंड. 'तिकडे टॅक्सच नाही' हे वाक्य जुनं झालं. कंपनी नकोशी झाली म्हणून सोडून देऊन चालत नाही, ती रीतसर बंद करावी लागते, त्याचाही खर्च येतो. पॅकेजच्या पत्रकात हे काहीच नसतं.

सहावी आणि सगळ्यात घातक, कोरा चेक. भाड्यासाठी, भागीदारासाठी 'सिक्युरिटी' म्हणून सही केलेले चेक मागतात. अमिरातीत चेक न वटणं हा पूर्वी सरसकट फौजदारी गुन्हा होता, त्यापायी कित्येक परदेशी लोक तुरुंगात गेले. २ जानेवारी २०२२ पासून कायदा बराच सौम्य झाला. पण चेकधारक आता थेट वसुलीसाठी न्यायालयात जाऊ शकतो, आणि खातं मुद्दाम बंद करणं किंवा चेक अडवणं अजूनही गुन्हाच आहे. रक्कम न लिहिलेल्या चेकवर सही म्हणजे आपल्या घराची किल्ली परक्याच्या हातात.

बाईची सही कुठे कुठे लागते

आता आपल्या घराकडे येऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे परदेशी पाठवता येतात. ही मर्यादा माणशी आहे. म्हणजे नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. यातच खरी मेख आहे. त्याची मर्यादा पुरली नाही, किंवा त्याच्या खात्यावर आधीच काही भानगड असली, की तिच्या पॅन कार्डची आठवण होते. 'एवढ्या फॉर्मवर सही कर' म्हणून बँकेचा ए-२ अर्ज पुढे येतो. सही झाली, की कायद्याच्या दृष्टीने पैसे पाठवणारी ती असते, नवरा नव्हे.

याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. गुंतवणुकीसाठी घरातल्यांचे पैसे एकत्र पाठवायचे तर ज्याच्या ज्याच्या नावाने पैसे जातात, त्याची त्याची त्या गुंतवणुकीत भागीदारी हवी. सोप्या भाषेत, पैसे तुमच्या नावाने गेले तर कंपनीतही तुमचा हिस्सा पाहिजे. तेव्हा बिनधास्त विचारा, 'माझ्या नावावर किती शेअर्स आहेत? कागद दाखवा.' हा अविश्वास नाही, नियम आहे.

मग पैसे पाठवण्याचं कारण. अर्जावर कारणाचा रकाना असतो. 'गुंतवणूक लिहिलं की फार कागद लागतात, घरखर्च लिहा, पर्यटन लिहा,' असा सल्ला एजंट देतो. कागद लागतात हे खरंच आहे. परदेशी कंपनीतल्या गुंतवणुकीचे नवे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. बँकेमार्फत माहिती भरून आधी एक ओळख क्रमांक घ्यावा लागतो, मगच पैसे जातात. शेअर्सचा पुरावा ६ महिन्यांत बँकेला द्यावा लागतो आणि पुढे कंपनीचा वार्षिक अहवालही. पण हे टाळण्यासाठी खोटं कारण लिहिलं, तर परकीय चलन कायद्यात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि तो होतो सही करणाऱ्याला! शिवाय 'फॉरेक्स ट्रेडिंग'साठी परदेशी मार्जिन भरायला या सवलतीतून पैसे पाठवताच येत नाहीत. असा धंदा करणाऱ्या कंपनीत या म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम ठोकावा.

कर्जाचंही तसंच. परदेशी गुंतवणुकीसाठी पैसे पाठवायला भारतीय बँकांनी कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणून मग सोनं तारण ठेवताना कारण लिहिलं जातं 'शेती' किंवा 'घरदुरुस्ती'. सोनं कुणाचं? स्त्रीधनावर पूर्ण हक्क स्त्रीचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केलं आहे. नवऱ्याला अडचणीत द्यावं की न देावं हा जिचा तिचा प्रश्न, आपल्याकडे बायका देतातच. पण द्यायचं तर माहिती घेऊन द्यावं. गेलेल्या पाटल्यांची पावती तरी आपल्या कपाटात असावी.

जमिनीचंही सांगायला हवं. सात-बारावर बोजा चढवताना किंवा जमीन विकताना बहिणींना बोलावून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा मुलांइतकाच हक्क आहे. भावाच्या दुबईसाठी बहिणीने हक्क सोडला आणि दुबई बुडाली, तर तिचं माहेरही गेलं आणि हिस्साही गेला. म्हणून 'भाऊबीज समज आणि सही कर' या गोड बोलण्यावर एक दिवस थांबायची मुभा मागून घ्या.

आणखी एक कागद म्हणजे मुखत्यारपत्र. 'तुम्हाला दुबईला यायला नको, सगळं मी करतो,' म्हणून सर्वाधिकार देणारं मुखत्यारपत्र मागितलं जातं. द्यायचंच तर एका ठरावीक कामापुरतं आणि ठरावीक मुदतीचं द्यावं. अमिरातीतल्या नेहमीच्या न्यायालयांत कागदाचा अरबी मजकूर ग्राह्य धरतात. तेव्हा बाजूच्या इंग्रजी मजकुरावर विसंबू नये, स्वतंत्र भाषांतरकाराकडून वाचून घ्यावं. एजंटच्याच माणसाकडून नव्हे!

आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. परदेशी कंपनीत आपलं नाव असेल तर तो भरावा लागतो. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात माहिती दडवल्यास १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. 'माझ्या नावावर कंपनी आहे हे मलाच माहीत नव्हतं' असं तिथे सांगून भागत नाही.

मुळात कंपनी लागतेच का?

बचत गटाच्या बैठकीत हळद-बेदाणा परदेशी पाठवण्याचा विषय निघाला, की मी आधी हेच विचारते. माल निर्यात करायला परदेशात कंपनी लागत नाही. लागतो तो आयात-निर्यात कोड, त्याची सरकारी फी अवघी ५०० रुपये. शेतमालासाठी 'अपेडा'ची नोंदणी करावी लागते. परदेशातला खरेदीदार पैसे बुडवेल ही भीती असेल, तर १९५७ पासून काम करणारी 'ईसीजीसी' ही सरकारी संस्था त्याचा विमा उतरवते. बँकेमार्फत पतपत्रावर व्यवहार करता येतो. हे सगळं सांगली-साताऱ्यात बसून होतं. दोन-तीन हंगाम असा माल पाठवून बघावा, गिऱ्हाईक ओळखावं, मग तिकडे कंपनीचा विचार करावा. मसाल्यांच्या व्यापारात दुबईत नाव कमावलेले धनंजय दातार १९८४ मध्ये तिथे वडिलांबरोबर लहानशा किराणा दुकानात उभे राहिले होते. आधी दुकान, आधी गिऱ्हाईक, मोठी कंपनी नंतर. आपल्याकडे मात्र आधी व्हिजिटिंग कार्ड छापून येतं.

सहीच्या आधी सात प्रश्न

हे कागदावर लिहून फ्रीजवर लावलंत तरी चालेल.

१. पैसे कुणाच्या खात्यात जाणार? कंपनीच्या की एखाद्या माणसाच्या? माणसाच्या असतील तर नाही म्हणा.

२. पैसे बँकेतून जाणार की हवाल्याने? हवाल्याने गेलेल्या पैशाचा पुरावा नसतो, आणि तक्रार केली तर आपणच आधी अडकतो.

३. परवान्याचा क्रमांक काय, आणि तो आपण स्वतः तपासला का?

४. माझं नाव कुठे कुठे आहे? भागीदार, संचालक, जामीनदार की नुसती पैसे पाठवणारी?

५. पुढच्या तीन वर्षांचा खर्च किती आणि बंद करायचं झालं तर किती? लेखी द्या.

६. ठरावीक परताव्याची हमी आहे का? धंद्यात हमी कुणीच देत नाही. हमी आहे म्हणजे धंदा नाही.

७. आपल्या बाजूचा सीए कोण? एजंटने दिलेला सीए हा एजंटचा सीए.

आणि एक गोष्ट, जी प्रश्न नाही. 'आज संध्याकाळपर्यंत भरा, उद्या रेट वाढेल' असं कुणी म्हटलं, की काही झालं तरी त्या दिवशी पैसे द्यायचे नाहीत. खरा परवाना चार दिवसांनी मागितला तरी मिळतो.

फसल्याचं लक्षात आलं तर

आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया असते, 'गावात कळू देऊ नका.' पाहुण्यांचं नाव येईल, मुलीच्या लग्नात बोभाटा होईल. या लाजेवरच पुढची सहा घरं फसतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. बँकेला लेखी कळवावं. एजंट इथला असेल तर पोलिसांत फिर्याद देता येते, रक्कम मोठी असेल तर जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जावं. जादा परताव्याच्या आमिषाने ठेवी घेतल्या असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. पण तुम्हाला कागदावर 'भागीदार' केलं असेल तर 'हा दिवाणी वाद आहे' असं ऐकावं लागण्याची शक्यता वाढते. भागीदार करून घेण्यामागचा डाव कधी कधी हाच असतो. दुबईत कुणी अडकून पडलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीचं साहाय्य केंद्र आहे.

व्हॉट्सअॅपचे संदेश, पावत्या, बँकेचे उतारे, एजंटच्या गाडीसमोर काढलेला फोटोसुद्धा, काहीही पुसू नका. रागाच्या भरात फोन फॉरमॅट करणारे पुरुष असतात. त्याआधी तो फोन आपल्या ताब्यात घ्या!

दुष्काळी भागातल्या आपल्या आज्या-पणज्यांनी नवरे मुंबईला, मद्रासला गेल्यावर मनीऑर्डरीच्या पैशात घर चालवलं. अक्षरओळख नव्हती, तरी पोस्टमनसमोर पैसे मोजून घेतल्याशिवाय अंगठा उठवला नाही. आपण तर शिकलेल्या. नवऱ्याच्या, मुलाच्या धंद्याच्या स्वप्नाला आडवं जायचं कारण नाही, तो दुबईला जावो, लंडनला जावो, आपली द्राक्षं जगभर पोचवो. फक्त त्याच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी चष्मा लावा, सगळा कागद वाचा, आणि कळला नाही तर खुशाल म्हणा, 'उद्या करते.'